हरकती भरपूर, सूचना निरंक

आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याने अर्जाचा एक छापील नमुनाच करून ठेवला होता. वर ‘प्रति, मा. आयुक्त’, त्याखाली ‘विषय : प्रारूप विकास योजनेबाबत हरकत / सूचना’ आणि कंसात ‘नको असेल ते खोडावे’. त्या महिन्यात त्याच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मी कितीतरी अर्ज भरले. प्रत्येक वेळी पहिलं काम एकच, ‘सूचना’ या शब्दावर आडवी रेघ. पाचव्या-सहाव्या दिवशी झेरॉक्सवाला म्हणाला, “मास्तर, तो शब्द काढूनच टाकतो. शाई तरी वाचेल.”

मी मास्तर नव्हे. तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढले, आधी ट्रेसिंग पेपरवर, नंतर कॉम्प्युटरवर. अमोनिया प्रिंटचा वास आजही नाकात आहे. पण कानाला पेन्सिल लावलेला माणूस सुतार नसेल तर मास्तरच, असा भिवंडीचा हिशेब. राहायला मी कामतघरला, वऱ्हाळ तलावाच्या अंगाला. रिटायर झाल्यावर संध्याकाळी झेरॉक्सच्या दुकानात गप्पा मारायला जायचो. शहराचा सुधारित प्रारूप आराखडा जाहीर झाला आणि गप्पांची कचेरी झाली. एरवी लोक नगरसेवकाच्या दारात गेले असते. पण २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपलेली, कारभार प्रशासकाकडे. नगरसेवक नाही, म्हणून मास्तर.

आधी थोडा कायदा सांगतो, कारण दहातल्या नऊ जणांना तिथेच धाप लागते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ सालचा. शहराची विकास योजना निदान वीस वर्षांनी एकदा तरी सुधारावी लागते. आधी पालिका आपला इरादा जाहीर करते, मग सर्व्हे होतो, कुठल्या जमिनीवर आज काय आहे याचा नकाशा बनतो. त्यावरून प्रारूप म्हणजे कच्चा आराखडा तयार होतो आणि कलम २६ खाली राजपत्रात आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना छापून येते : नकाशा अमुक ठिकाणी बघायला ठेवला आहे, तीस दिवसांत काय म्हणायचं ते लेखी म्हणा. पुढे नियोजन समिती बसते. कायद्यात तिची रचना अशी की स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. ज्यांनी लिहून दिलं त्यांचं म्हणणं ही समिती ऐकते, अहवाल देते, बदल होतात आणि योजना मंजुरीला सरकारकडे जाते. सरकारला त्यात मोठे फेरफार करायचे असले तर तेवढ्या भागापुरत्या पुन्हा हरकती मागवतात.

म्हणजे वीस वर्षांत सामान्य माणसाच्या वाट्याला तीस दिवस. त्यातले पहिले दहा बातमी कळण्यात जातात. पुढचे दहा व्हॉट्सॲपवर.

हे व्हॉट्सॲपचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. भिंतीवर लावलेल्या नकाशाचा कुणीतरी मोबाईलवर फोटो काढतो, तो शंभर ग्रुपवर फिरतो. माणूस दुकानात येतो, स्क्रीनवर दोन बोटं फाकवून फोटो मोठा करतो आणि विचारतो, “ये लाल लकीर मेरे कारखाने पे से जा रही है ना?” मोठा केलेला फोटो म्हणजे नुसते ठिपके. नकाशा एकास चार हजार प्रमाणात असला तर कागदावरचे पाच मिलिमीटर म्हणजे जमिनीवर वीस मीटर. अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे दोन मीटर, एक यंत्रमाग बसेल एवढी जागा. फोटो जरा तिरका निघाला की चार घरं इकडची तिकडे. म्हणून मी प्रत्येकाला आधी भाग नकाशा आणायला पाठवायचो. आपल्या जागेपुरता प्रमाणित उतारा रास्त किमतीत मिळण्याची सोय कायद्यातच आहे. तो आला की त्यावर पट्टी ठेवायची. कित्येकांची हरकत तिथेच संपायची, कारण रेघ शेजाऱ्याच्या भिंतीवरून गेलेली असायची. मग शेजारी यायचा.

नकाशाला रंग असतात. रहिवास पिवळा, व्यापार निळा, उद्योग जांभळा, बागा-मैदानं हिरवी. आता शांतीनगरच्या किंवा नारपोलीच्या कुठल्याही गल्लीत उभे राहा आणि सांगा, समोरच्या इमारतीला कुठला रंग द्याल? तळमजल्यावर बारा माग खडखडताहेत. वरच्या माळ्यावर मालकाचं कुटुंब. त्याच्यावर पत्र्याच्या खोल्या, त्यात पाळीपाळीने झोपणारे कारागीर. जिन्याखाली पानपट्टी. कागदाला वरून एकच रंग दिसतो. १९६६ साली कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घर एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे असं शहर असणार. भिवंडी ही मजल्यामजल्यांनी रचलेली आहे. पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० ला पहाटे लोक झोपेत असताना कोसळली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. जुन्या खचलेल्या इमारतीसाठीही आराखड्यात रंग नसतो. आराखडा जमिनीचा असतो, भिंतींचा नाही, हे मला नोकरीत माहीत होतं. लोकांना समजावून सांगताना मात्र जीभ अडखळायची.

दुसरा घोळ हद्दीचा. एक दिवस काल्हेरचे एक गृहस्थ आले, गोदामवाले. “आमच्या गावातून रस्ता टाकलाय, हरकत लिहा.” मी म्हटलं, दादा, तुमचं गाव या आराखड्यातच नाही. महापालिका म्हणजे जेमतेम सव्वीस चौरस किलोमीटर, त्यात २०११ च्या जनगणनेनुसार सात लाखांवर माणसं. वेशीबाहेरच्या ५१ गावांचं नियोजन २००७ पासून मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, म्हणजे एमएमआरडीएकडे. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ ही सगळी तिकडची. मुंबईच्या जकातीच्या पलीकडे म्हणून ज्या भातशेतांत गोदामं उभी राहिली, ती शेतं याच गावांची. जकात २०१७ ला जीएसटीने संपली, गोदामं वाढतच राहिली. अंजूर फाट्यावर दोन तास अडकलेल्या माणसाला ट्रक कुठल्या प्राधिकरणाच्या हद्दीतून आला याच्याशी देणंघेणं नसतं. अर्ज लिहिताना मात्र तेच सगळ्यात आधी लागतं. बरोबर म्हणणं चुकीच्या टेबलावर गेलं की त्याची रद्दी.

माझ्या हातूनही एकाची रद्दी झाली आहे. गोष्ट जुनी, नोकरीत असतानाची. गल्लीतल्या एका मोमीन शेठचा कारखाना रस्त्याच्या रुंदीत येत होता. मी घाईत अर्ज लिहून दिला. शेठ म्हणाला, “सर्व्हे नंबर उनहत्तर.” ‘हत्तर’ ऐकलं की मराठी कान सत्तरीच्या घरात जातो, एकाहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. त्यात ‘उन’ म्हणजे काहीतरी उणे. मी ७९ लिहिलं. हिंदीतलं उनहत्तर म्हणजे आपलं एकोणसत्तर, ६९. सुनावणीला शेठ इस्त्रीचा कुर्ता घालून, वडिलांच्या नावची जुनी कागदपत्रं घेऊन गेला. समोरून विचारणा झाली, एकोणऐंशी नंबरशी आपला संबंध काय? संबंध काहीच नव्हता. ऐकणाऱ्यांचा यात दोष नाही, त्यांच्यापुढे तो कागद होता. शेठ मला एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागलं. तेव्हापासून सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हातात घेतल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही आणि लिहिला की अक्षरीही लिहितो.

गावात मराठी, उर्दू, हिंदी, पद्मानगरात तेलुगू, आणि जाहीर सूचना सरकारी मराठीत. मराठी माणसालाही ‘आरक्षणाखालील क्षेत्र समुचित प्राधिकरणाने संपादन करणे’ कळायला दोनदा वाचावं लागतं. मुंबई महानगर प्रदेशाचा प्रारूप आराखडा २०१६ मध्ये इंग्रजीत आला तेव्हा वसईकडच्या लोकांनी आधी भाषेवरूनच आवाज उठवला, आम्हाला मराठीत द्या मग बोलू. मराठी प्रत आली, मुदतही वाढली. मला ती हरकत सगळ्यांत शहाणी वाटते.

हरकतींनी काही होतं का, असं लोक विचारायचे. होतं, कधीकधी फार होतं. मुंबईचा २०३४ पर्यंतचा आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये जाहीर झाला. चुका इतक्या निघाल्या आणि साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, की एप्रिलमध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी तो नव्याने दुरुस्त करायला लावला. मंजूर व्हायला २०१८ उजाडलं. पुण्यात जुन्या हद्दीच्या आराखड्यावर २०१३ मध्ये सत्त्याऐंशी हजारांच्या घरात अर्ज पडले. आकडे ऐकून शेजारचा दर्जी म्हणाला, “मग आपण दहा हजार झेरॉक्स काढू या, एकच मजकूर.” काढतातही लोक. पण एका मजकुराचे दहा हजार अर्ज म्हणजे नियोजनाच्या दृष्टीने एक मुद्दा आणि दहा हजार सह्या. एकाच माणसाने मोजून लिहिलेलं, ‘या वळणावर रस्ता चार मीटर पूर्वेला घेतला तर सरकारी जागेतून जातो, सहा घरं वाचतात’, हे त्याहून भारी पडू शकतं. असा अर्ज खरं तर हरकतही असतो आणि सूचनाही.

आणि इथेच मी त्या खोडलेल्या शब्दाशी अडखळलो. सूचना का येत नाहीत? लोकांना काही नको असतं असं नाही. चहा पिताना प्रत्येक जण सांगतो, पोरांना मैदान नाही, दवाखाना लांब आहे, ट्रकला थांबायला जागा नाही. मी म्हणायचो, लिहू या? की गप्प. पुष्कळ दिवसांनी उलगडा झाला. हरकत स्वतःच्या जागेसाठी असते. सूचना लिहायची तर नकाशावर दुसऱ्याच्या जागेवर बोट ठेवावं लागतं. मैदान पाहिजे, पण कुणाच्या सर्व्हे नंबरात? तो नंबर मामेसासऱ्याचा निघतो, नाहीतर जिच्याकडून सूत उधार येतं त्या पेढीचा. आरक्षण पडलं की जागा अडकली, हे सगळ्यांना माहीत. मोबदला पैशात, टीडीआरमध्ये (म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणाऱ्या बांधकाम हक्कात) किंवा वाढीव चटईक्षेत्रात मिळायचा तेव्हा मिळतो. दहा वर्षांत संपादन झालं नाही तर मालक कलम १२७ ची नोटीस देतो, त्यानंतर दोन वर्षांतही पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे गेलं. तोवर कुणी सांगितलं शेजाऱ्याचे शाप घ्यायला?

यावर इलाज एकट्याच्या अर्जात नाही, आधी एकत्र बसण्यात आहे, असं मला वाटतं. आणि बसायची रीत या गावाला नवी नाही. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी पोळलेल्या भिवंडीत १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची साधी माणसं एका सतरंजीवर बसवली. मुंबई पेटली त्या ९२-९३ च्या हिवाळ्यात भिवंडी शांत राहिली, ते त्या बैठकांमुळे असं इथले जुने लोक आजही सांगतात. त्याच सतरंजीवर प्रभागाचा नकाशा पसरला असता तर? कायदा तीस दिवसांत अर्ज मागतो. त्याआधी लोकांनी आपापसात भांडून घ्यायला त्याची ना नाही.

मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात एक बाई आल्या. कारागिरांची बिशी चालवतात, दोन वेळचं जेवण, महिन्याचा हिशेब. साठेक माणसं जेवतात, बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारची. पदराला पिठाचे हात पुसत म्हणाल्या, “भाऊ, माजं काय घर जात नाई. भाड्याची खोली. मला लिवता येतं का पण?” येतं म्हटलं. कायद्यात मालकच हवा असं कुठे नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं : रातपाळीची माणसं दिवसा खोलीत झोपतात, तेव्हा दिवसपाळीच्या सुट्टीवाल्यांना टेकायला जागा नसते. मशिदीमागे एक मोकळा पट्टा आहे, तिथे टेम्पो लावतात. जुन्या नकाशात तो खेळाच्या मैदानासाठी आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. तो तसाच ठेवा, एक नळ द्या, दोन झाडं लावा.

मी पट्टी काढली. नवीन भाग नकाशावर पट्टा शोधला. हिरवा होता, पण जुन्यापेक्षा एका बाजूने आखडलेला. पेन्सिलीने दोन्ही कडा मोजून त्यांना दाखवल्या. त्यांनी बोट लावून बघितलं आणि विचारलं, “ही रेघ एवढीशी, मग माणसं कुटं बसायची?” मी लिहिलं, आरक्षणाचं क्षेत्र पूर्वीएवढंच ठेवावं. क्षेत्र चौरस मीटरमध्ये, आकडी आणि अक्षरी. मग वर गेलो आणि ‘हरकत’ या शब्दावर रेघ मारली. झेरॉक्सवाल्याने मान वाकडी करून बघितलं.

“सुनावणीला बोलावतील?” बाईंनी विचारलं.

“सूचना देणाऱ्यालाही बोलावतात. पत्र पत्त्यावर येईल. पत्ता सांगा.”

त्या थांबल्या. खोलीचा करार अकरा महिन्यांचा, त्यातले दोन उरलेले. मग म्हणाल्या, “बिशीचा घाला. बिशी हलत नाय.” मी लिहिलं : मशिदीच्या मागे, पत्र्याची शेड, बिशी. पिनकोड झेरॉक्सवाल्याने सांगितला. त्यांनी अंगठ्यावर उरलेलं पीठ पुसलं आणि सही केली, एकेक अक्षर सोडवून.