मुलगा की मुलगी : नाणे काय सांगते?

विद्यार्थी मित्रांनो, मोकळ्या तासाला वर्गात एक प्रयोग करून पाहा. प्रत्येकाजवळ एक नाणे आणि एक वही असली म्हणजे झाले.

प्रत्येक विद्यार्थी म्हणजे एक कुटुंब असे माना. नाणे उडवल्यावर छापा पडला तर मुलगा, काटा पडला तर मुलगी. छापा पडेपर्यंत नाणे उडवत राहायचे आणि तो पडला की थांबायचे. ‘मुलगा होईपर्यंत वाट पाहायची’ ही रीत आपल्याकडे अनेक घरांत होती, हे तुम्ही ऐकले असेलच. आता सांगा, साऱ्या वर्गाचे मिळून छापे जास्त भरतील की काटे?

हिशेब करू. वर्गात ४० जण आहेत. पहिल्या फेरीत सुमारे २० छापे व २० काटे पडतील. छापा मिळालेले थांबतील. उरलेल्या २० जणांना पुढच्या फेरीत सुमारे १० छापे व १० काटे मिळतील, त्यानंतर ५ व ५. प्रत्येक फेरीत दोन्ही जवळजवळ सारखे, म्हणून बेरीजही सारखीच! मुलगा झाल्यावर किती कुटुंबे थांबली, यावरून मुला-मुलींचे प्रमाण बदलत नाही.

निसर्गाचे नाणे

आईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्स गुणसूत्र असते. वडिलांच्या शुक्राणूंपैकी साधारण निम्म्यांत एक्स व निम्म्यांत वाय असते. एक्सवाला शुक्राणू अंडपेशीशी मीलन पावला तर मुलगी, वायवाला पावला तर मुलगा. लिंग गुणसूत्रांवरून ठरते, हे अमेरिकन संशोधिका नेटी स्टीव्हन्स यांनी १९०५ मध्ये एका भुंग्याच्या पेशी तपासून दाखवले. मुली झाल्या म्हणून आईला बोल लावणाऱ्यांना हे एवढे विज्ञान समजावून सांगावयास हवे.

निसर्गाचे हे नाणे किंचित एका बाजूस झुकलेले आहे. १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात. म्हणजे १,००० मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. आता जनगणनेचे आकडे पाहा. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या १,००० मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, २००१ मध्ये ९१३, तर २०११ मध्ये ८९४. बीड जिल्ह्यात त्या वर्षी केवळ ८०७!

नाणे तर बदलले नाही. मग या मुली गेल्या कोठे? जन्मलेल्या मुलींची हेळसांड हे एक कारण आहे, परंतु ते जुनेच आहे. ही नवी घसरण मुख्यतः जन्माआधी होणाऱ्या निवडीची आहे.

एक तपासणी, दोन उपयोग

गर्भजल तपासणी आपल्या देशात आली ती गर्भातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी. पुढे सोनोग्राफी आली, तीही गर्भाची वाढ नीट आहे ना, हे पाहण्यासाठी. १९९० मध्ये लंडनमध्ये अॅलन हँडीसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत तयार झालेल्या भ्रूणाची एक पेशी तपासून त्याचे लिंग ओळखले. बहुधा मुलग्यांनाच होणारे गंभीर आनुवंशिक रोग टाळावेत, हा त्यांचा हेतू होता. म्हणून त्यांनी मुलींचे भ्रूण निवडले.

रोग टाळण्यासाठी केलेली तपासणी हे वैद्यकाचे काम होय. परंतु मुलगी असणे हा रोग नव्हे. जेथे रोगच नाही तेथे डॉक्टर कशावर उपचार करतो? समाजाच्या समजुतीवर! आणि ती समजूत त्या उपचाराने बरी न होता बळावतेच.

गर्भलिंग तपासणीस आळा घालणारा देशातील पहिला कायदा महाराष्ट्रानेच १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. गर्भाचे लिंग शब्दाने, खुणेने वा अन्य प्रकारे सांगण्यास त्याने मनाई केली. २००३ मध्ये गर्भधारणेपूर्वीची निवडही कायद्याच्या कक्षेत आली. घरच्यांच्या दडपणामुळे तपासणी करून घेणाऱ्या स्त्रीला मात्र हा कायदा शिक्षा करीत नाही.

“आमचे मूल, आमची निवड”

काहीजण विचारतात, “गर्भधारणेपूर्वीच निवड केली, कोणताही गर्भ पाडला नाही, तर बिघडले काय?” प्रश्न बिनतोड वाटतो. पण एका घराने केलेली निवड त्या घरापुरती राहत नाही. हजारो घरांनी एकाच बाजूने निवड केली की तिची बेरीज जनगणनेत दिसते, आणि तिचे परिणाम न निवडणाऱ्यांनाही भोगावे लागतात. शिवाय मूल जन्मण्याआधीच त्याच्याविषयी एक निकाल दिला जातो, तोही त्याच्या गुणांवरून नव्हे.

आता एक अवघड प्रश्न तुमच्यासाठी. एका जोडप्याला दोन मुलगे आहेत आणि तिसरी मुलगीच हवी आहे. अमेरिकेतील काही दवाखान्यांत अशी निवड करून मिळते. भारतात ती गुन्हा आहे. येथे मुलीविषयी तिटकारा नाही. तरीही कायद्याने दोन्ही निवडींना एकच नियम लावावा का? वर्गात दोन गट करा, शिक्षकांना मध्यस्थ नेमा आणि आपल्या म्हणण्याला कारणे द्या. केवळ “मला असे वाटते” एवढ्यावर मात्र थांबू नका.