परवानगी आहे, दुरुस्ती कशी करणार?

अपूर्णांकांच्या एका सरावपत्रिकेच्या तळाशी क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना होता: श्रेय द्या, हवं ते बदला, त्याच अटींवर पुढे वाटा. वरच्या उदाहरणात मात्र अंश-छेद उलटे पडलेले, आणि हाती आलेली फाइल पीडीएफ. चूक सगळ्यांना दिसत होती, सुधारता कुणालाच येत नव्हती. म्हणूनच असं साहित्य मिळून तयार करणाऱ्या शिक्षकांच्या बैठकीला जाऊन बसले.

खोलीत लॅमिनेटरच्या तापल्या प्लास्टिकचा वास होता. जुन्या फायली गोळा करणं, इयत्तेनुसार लावणं भराभर उरकलं. काम अडलं ते खिडकीजवळच्या बाईंपाशी. त्यांची फाइल कृतिदेवमधली. तो फॉन्ट नसेल तर ‘भारत’च्या जागी एच, के, के, जे, आर ही रोमन अक्षरं दिसतात, कारण फाइलीत साठवलेली असतात तीच. युनिकोड या लिप्यांच्या सामायिक मानकात देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण शाळांच्या कपाटांतलं कितीतरी साहित्य अजून त्याबाहेरच आहे. कन्व्हर्टरने बदललेलं ओळन् ओळ तपासावं लागतं, म्हणून बाई सरळ नव्यानेच टाइप करत होत्या. “एका पानाला चाळीस मिनिटं,” त्या म्हणाल्या.

अशी वेळ पुन्हा येऊ नये म्हणून यापुढे सगळं मार्कडाउनमध्ये लिहायचं ठरलं. मथळ्याआधी हॅश, यादीला चांदणी, बाकी साधा मजकूर. त्याच फाइलीतून पॅनडॉक हा प्रोग्राम वर्डची प्रत काढतो, वेबपानही. बाईंचा आक्षेप अपूर्णांकांवर होता. तिरकी रेघ त्यांना चालेना. चौथीच्या मुलाला छेद रेघेखालीच दिसायला हवा. कुणी चित्र टाकायचं सुचवलं. पण चित्रातला आकडा पुढे कोण बदलणार? शेवटी गणित लिहायची लॅटेकची खूण त्या शिकल्या, दोन महिरपी कंसांत अंश आणि छेद. मला त्यांचा हट्ट आणि त्यांचं शिकणं, दोन्ही मोलाचं वाटलं.

खुल्या शैक्षणिक साहित्यावर लिहिणाऱ्या हिल्टन, वायली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हेच मांडलं होतं: साहित्य खरंच खुलं आहे का हे तपासताना, ते बदलायला कोणतं साधन आणि किती कौशल्य लागतं तेही पाहा. चाळीस मिनिटं हे त्याचंच माप आहे, आणि ते एका शिक्षिकेच्या संध्याकाळच्या वेळेतून जातं.

तक्त्यांवर बराच वाद झाला. एका सरांना रंगीत चौकटी, जोडलेले रकाने हवे होते. छापल्यावर ते देखणे दिसतात हेही खरं. बाई म्हणाल्या, “सर, जूनमध्ये माझी बदली झाली, तर ही चौकट कोण सांभाळणार?” तक्ते साध्या रकान्यांचेच ठेवायचं ठरलं.