एसओपीला मेकअप नको!

परदेशात एमएस करायचं ठरलं की जीआरई, लोन, व्हिसा या सगळ्यावर घरात चहाबरोबर चर्चा झडते. एसओपीचं, म्हणजे स्टेटमेंट ऑफ पर्पजचं पान दिसायला कसं असावं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग जो तो आपापला फंडा लढवतो.

हिंजवडीत दोन वर्षं कोडिंग केलेल्या माझ्या मावसबहिणीने एसओपी वाचायला पाठवला. निळं शीर्षक, चौकटीत सुविचार, पहिलं अक्षर तीन ओळी उंच. 'श्रीकृपेकरून' तेवढं लिहायचं राहिलं होतं! ‘‘ताई, गर्दीत उठून दिसायला नको का?’’ अगं, उठून दिसायचं ते तुझ्या कामाने! दोन पानांची मर्यादा पाळायला मॅडमनी फाँट 9 वर आणला होता आणि मार्जिन जवळपास गायब. दिवसभर अर्ज वाचणाऱ्या प्रोफेसरांनी काय भिंग घेऊन बसायचं?

साधा टाइम्स न्यू रोमन, 12 पॉइंट, चारही बाजूंना एक इंच मार्जिन. (युनिव्हर्सिटीने वेगळं सांगितलं असेल तर अर्थातच तेच खरं.) एवढं केल्यावर मजकूर सव्वातीन पानं भरला. आता कात्री लावणं आलंच. सुविचार गेला, 'लहानपणापासून कॉम्प्युटरची आवड' गेली, शाळेतली बक्षिसं गेली. उरला फायनल इयरचा प्रोजेक्ट, शेतकऱ्यांना बाजारभावाचे एसएमएस पाठवणारा. त्याला तिने जेमतेम दोन ओळी दिल्या होत्या! तो कुठे अडला, तिने काय बदललं, हे सगळं मग लिहिलं. तिच्या बाबांनी फ्लॅटवर लोन काढायची तयारी केलीय. सुविचारासाठी नव्हे.

एक गोम कागदाची. आपल्याकडचा ए-फोर अमेरिकेच्या लेटर साइजपेक्षा उंच असतो. लेटर म्हणजे 8.5 बाय 11 इंच. ए-फोरवर काठोकाठ बसवलेल्या शेवटच्या ओळी लेटरवर तिसऱ्या पानावर सांडू शकतात. म्हणून अमेरिकेसाठी लिहिताना सुरुवातीलाच पेज साइज बदला.

बारावीनंतरच जाणाऱ्यांना तर पानच मिळत नाही, मिळतो एक बॉक्स. अमेरिकेच्या कॉमन अॅपमध्ये मुख्य निबंध 250 ते 650 शब्दांचा. ब्रिटनच्या यूकासमध्ये मर्यादा 4000 कॅरेक्टर्सची आणि त्यात स्पेससुद्धा मोजतात! 2026 च्या प्रवेशांपासून तिथे सलग निबंधाऐवजी तीन प्रश्न आलेत, प्रत्येक उत्तर किमान 350 कॅरेक्टर्सचं. तिथे बोल्ड, इटॅलिक चालत नाही. परिच्छेद वेगळा दिसायला मध्ये एक ओळ मोकळी सोडा, बस्स.

वर्डमधून पेस्ट केल्यावर प्रिव्ह्यू बघाच, अवतरणचिन्हांच्या जागी कधीकधी भलतंच काही उमटतं. फाइल अपलोड करायची असेल तर पीडीएफ करा आणि 'फायनल_फायनल_3' ऐवजी स्वतःचं नाव द्या. आणि हो, एकच एसओपी आठ ठिकाणी पाठवताना शेवटच्या परिच्छेदात आधीच्या युनिव्हर्सिटीचं नाव तसंच राहिलेलं नाही ना, तेवढं तपासा!