बाळ कसे रडते?

इंग्रजीत 'क्राय' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ रडणे, आणि ओरडणे हाही. वर्गात आम्ही तो शिकवला, की मुले विचारीत, "गुरुजी, रडला की ओरडला, कळायचं कसं?" आम्ही म्हणत असू, "मागचे-पुढचे वाक्य वाचा."

आपल्या मराठीत शब्द निरनिराळे आहेत. हट्टी मूल भोकाड पसरते. दुःखी माणूस हुंदके देतो. आजारी मूल किरकिरते, कण्हते.

म्हणून जामसरच्या दवाखान्यात बाळाला नेले, तर "रडतंय" एवढेच सांगू नका. कसे रडते, तेही सांगा.

आणि आजारी बाळ रडेनासे झाले, निपचित पडले, दूध ओढीना, तर 'शांत झाले' असे समजू नका. लगेच १०८ ला फोन करा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.