मेकॅनोच्या पट्ट्यांवर घडलेली लेन्स

केव्हिन टुओहींची कडक प्लास्टिकची लेन्स दिवसभर डोळ्यांत ठेवणं अनेकांना का जमत नव्हतं, ते गेल्या भागात आलंच आहे. आज ऑक्सिजनचा हिशेब मांडायचा होता. पण एका वाचकानं विचारलंय, ‘पहिली मऊ लेन्स मुलांच्या खेळण्यावर बनली, हे खरं का?’ अगदी खरं. आणि ती हकिगत दोन ओळींत उरकणं तिच्यावर अन्याय होईल, म्हणून ऑक्सिजन पुढच्या आठवड्यात.

सुरुवात होते १९५२ मध्ये, प्रागकडे निघालेल्या आगगाडीत. चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचं लक्ष शेजारच्या प्रवाशाच्या हातातल्या नियतकालिकाकडे गेलं. डोळ्यात बसवायच्या धातूच्या कृत्रिम भागांवरचा लेख होता तो. विख्टर्ले पॉलिमरमधले जाणकार. नायलॉनच्या जातीचा धागा त्यांनी महायुद्धाच्या काळातच तयार केला होता. जिवंत पेशींशी जमवून घ्यायला धातूपेक्षा पाणी धरून ठेवणारं प्लास्टिक बरं, असं त्यांनी त्या प्रवाशाला सांगितलं. प्रवासी आरोग्य खात्यातला निघाला आणि गप्पा कामाला लागल्या.

विख्टर्ले आणि त्यांचे सहकारी द्राहोस्लाव्ह लीम यांच्या हाती लवकरच तसा पदार्थ आला. हायड्रॉक्सिइथाइल मेथॅक्रिलेटपासून, म्हणजे ‘हेमा’पासून, बनलेला जेल. कोरडा असताना टणक. पाणी शोषून घेतलं की मऊ, लवचिक आणि तरीही काचेसारखा पारदर्शक. तेव्हा त्याच्या वजनात सुमारे ३८ टक्के पाणी असतं. १९६० मध्ये ‘नेचर’मध्ये दोघांचा निबंध छापून आला आणि जगाला या जेलची ओळख झाली.

पदार्थ मिळाला, पण लेन्स काही मिळेना.

बंद साच्यात ओतून केलेल्या लेन्स बाहेर काढताना कडेला फाटत. डोळ्याला सर्वांत जास्त जाणवते ती कडच. ती खडबडीत राहिली तर बाकीची लेन्स कितीही मऊ असून उपयोग नाही. त्यातच विख्टर्लेंना १९५८ मध्ये राजकीय कारणांवरून प्रागच्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेतून काढून टाकलं गेलं होतं. पुढे लेन्सच्या कामाचा सरकारी आधारही तुटला, तेव्हा त्यांनी ते घरी आणलं.

१९६१ चा नाताळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ‘मेर्कुर’ या चेक मेकॅनोच्या पट्ट्या जोडून त्यांनी एक यंत्र उभं केलं. फिरवायला सायकलचा डायनॅमो, त्याला वीज पुरवायला दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर. उघडा, खोलगट साचा फिरत असतानाच त्यात द्रव हेमा सोडायचा आणि फिरता फिरताच तो घट्ट होऊ द्यायचा, ही खरी कल्पना. चहा चमच्यानं ढवळला की मधोमध खळगा पडतो आणि कडेनं चहा वर चढतो, तसंच इथे घडतं. लेन्सची बाहेरची बाजू साच्याचा आकार घेते आणि आतल्या बाजूचा बाक ठरतो फिरण्याच्या वेगावर. म्हणजे साचा तोच ठेवून नुसता वेग बदलला तरी लेन्सचा नंबर बदलतो! शिवाय द्रव पसरत जाऊन कड आपोआप पातळ आणि गुळगुळीत होते. जी कड इतकी वर्षं अडून बसली होती, ती या युक्तीत वेगळं काही न करता सुटली.

त्या दिवशी चार लेन्स निघाल्या. विख्टर्लेंनी त्या स्वतःच्या डोळ्यांत घालून पाहिल्या. नंबर जुळत नव्हता, पण डोळ्यांना खुपत नव्हत्या. मग यंत्र वाढलं, पत्नी लिंडा मदतीला आल्या आणि १९६२ च्या पहिल्या चार महिन्यांत त्या घरातून सुमारे ५,५०० लेन्स तयार झाल्या.

१९६५ मध्ये या शोधाचे हक्क एका अमेरिकन कंपनीला विकले गेले. तिच्याकडून ते ‘बॉश अँड लॉम्ब’कडे आले आणि १९७१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं तिच्या मऊ लेन्सला परवानगी दिली. त्यानंतर मऊ लेन्स जगभर पसरली. मायदेशात मात्र १९६८ नंतरच्या दडपशाहीत विख्टर्लेंना पुन्हा एकदा पद गमवावं लागलं. राजवट बदलल्यावर, १९९० मध्ये, ते चेकोस्लोव्हाक विज्ञान अकादमीचे अध्यक्ष झाले.

आता राहिलेला प्रश्न. हेमाच्या जेलमधून ऑक्सिजन जातो तो त्यातल्या पाण्यावाटेच. पारपटलात रक्तवाहिन्या नाहीत. त्याला ऑक्सिजन हवेतून, अश्रूंमार्फत घ्यावा लागतो. मग ३८ टक्के पाण्याची लेन्स घालून रात्री झोपलं, तर पारपटलाचं काय होतं? पुढच्या आठवड्यात इथूनच सुरुवात करायची आहे.