वाचोपचाराचे शिक्षण

आमच्या वाशीमकडे मूल ‘डोळा’ न म्हणता ‘डोया’ म्हणते, ‘काळा’ऐवजी ‘काया’ म्हणते. मास्तरकीच्या दिवसांत अशा उच्चारांबद्दल मी कित्येक मुलांना बाकावर उभे केले. तो दोष नव्हता; ती त्यांच्या घरची वऱ्हाडी होती. परंतु पाच वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणत असेल, तर गोष्ट निराळी. ‘क’साठी जिभेचा मागचा भाग मऊ टाळूस लागावयास हवा, येथे शेंडाच दातांमागे टेकतो. हा भेद ओळखणे वाचोपचारात, म्हणजे स्पीच थेरपीत, प्रथम यावे लागते.

या विद्येची पदवी मुंबईस मिळते. नायर रुग्णालयाच्या महाविद्यालयात ती १९६६ पासून शिकवितात. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ ची. विज्ञान घेऊन बारावी झाल्यावर चार वर्षे लागतात, पैकी अखेरचे प्रत्यक्ष रुग्णांत उमेदवारी करण्याचे. कंठाची रचना, ध्वनिशास्त्र, तोतरेपणा, पक्षाघाताने गेलेली वाचा, हे सारे त्यात येते. आणि कानही, कारण जे ऐकू येत नाही ते मूल बोलणार कसे? पुढे १९९२ च्या कायद्यान्वये पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाल्यावाचून व्यवसाय करता येत नाही.

आमच्याकडील विद्यार्थ्याने मुंबईस जाताना आपली वऱ्हाडी मात्र विसरू नये. परत आल्यावर मुलाच्या आजीला विचारावे, घरी या वस्तूस काय म्हणता? मग डोळ्याचे चित्र दाखविल्यावर ‘डोया’ असे उत्तर आले, तर ते बरोबर म्हणूनच वहीत लिहावयाचे.