दोन किनाऱ्यांमधले शहर

बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसले आहे. पश्चिमेला मंगळुरू आणि पूर्वेला चेन्नई ही दोन्ही बंदरे रस्त्याने साधारण सारख्याच, साडेतीनशे किलोमीटरच्या अंतरावर आहेत. शहराला समुद्र नाही, पण मासळीबाजार मोठा आहे. शिवाजीनगरातले 1927 साली उभे राहिलेले रसेल मार्केट हा त्यातला सर्वांत जुन्या ओळखीचा पत्ता. मंगळुरू आणि मलपी बंदरांवरची मासळी रात्रीतून घाट चढते आणि पहाटे बर्फाच्या चुऱ्यातून फळ्यांवर येते. मराठी गिऱ्हाइकाला इथे नावे नव्याने शिकावी लागतात. बांगड्याचा ‘बंगुडे’ होतो, एवढे कानाला कळते. पण सुरमई ‘अंजल’ असते, मुडदुशी ‘काणे’ आणि तारली तुळू माणसाच्या तोंडी ‘बूताई’. ताज्या बोंबलाची आशा मात्र सोडलेली बरी. त्याच्या अंगात पाणीच इतके की एवढा प्रवास त्याला सोसत नाही.

दोन किनाऱ्यांच्या मधोमध असण्याचा एक परिणाम सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यांत्रिक बोटींना पावसाळी मासेमारीबंदी असते. पूर्व किनाऱ्यावर ती 15 एप्रिल ते 14 जून आणि पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै, म्हणजे दोन्हीकडे 61 दिवस. बांगडा आणि तारली यांची वीण मुख्यतः पावसाळ्याच्या सुमारास होते. त्या काळात जाळी किनाऱ्यावर राहावीत हा बंदीचा हेतू. रत्नागिरीत किंवा कारवारात ही बंदी जाणवते: बोटी ओढलेल्या असतात, बाजार ओस पडतो, घराघरात सुकट निघते. बेंगळुरूत मात्र दोन्ही किनारे एकाच वेळी बंद असण्याचे दिवस वर्षात फक्त चौदा, 1 ते 14 जून. त्याच्या आधी मंगळुरू चालू, नंतर चेन्नई चालू. त्या चौदा दिवसांतही लहान पारंपरिक होड्यांची मासळी, शीतगृहातला साठा, तळ्यातली रोहू-कटला आणि आंध्रातली शेततळ्यांची कोळंबी असतेच. समुद्राची विश्रांती या शहराच्या ताटापर्यंत पोचत नाही. शाश्वत सागरी अर्थव्यवस्थेविषयी बोलताना किनाऱ्यावरच्या मच्छीमाराला उपदेश फार केला जातो. मागणी निर्माण करणाऱ्या आतल्या शहराचा उल्लेख क्वचित होतो.

बेंगळुरू समुद्राकडून नुसते घेते असेही नाही. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे मुख्यालय इथेच आहे आणि ओशनसॅट मालिकेतले उपग्रह इथल्याच केंद्रात बांधले गेले. पहिला 26 मे 1999 रोजी, दुसरा 23 सप्टेंबर 2009 रोजी आणि तिसरा 26 नोव्हेंबर 2022 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्यांच्यावरचे मुख्य उपकरण समुद्राचा रंग मोजते. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमध्ये हरितद्रव्य असते. ते निळा प्रकाश शोषते, म्हणून या वनस्पती दाटल्या की पाण्याची निळाई कमी होऊन हिरवट छटा चढते. ऐकायला सोपे वाटते. पण सातशे किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला जो प्रकाश मिळतो, त्यातला फार मोठा भाग हवेतून विखुरलेला असतो, पाण्यातून आलेला थोडाच. हवेचा तो वाटा हिशेबाने वजा करावा लागतो, तेव्हा कुठे समुद्राचा रंग हाती लागतो. पहिल्या दोन ओशनसॅटवर हे काम आठ रंगपट्ट्यांत होत असे, तिसऱ्यावर तेरा पट्ट्यांत होते.

या रंगाला पाण्याच्या पृष्ठभागाच्या तापमानाची जोड मिळते. जिथे थंड आणि उबदार पाणी एकमेकांना भिडते आणि हरितद्रव्यही दाटते, तिथे चारा असतो. चाऱ्यामागे तारली-बांगडा आणि त्यांच्यामागे मोठा मासा. 1999 साली स्थापन झालेले हैदराबादचे राष्ट्रीय महासागर माहिती केंद्र अशा जागा शोधून संभाव्य मासेमारी क्षेत्रांचा सल्ला प्रसिद्ध करते. अमुक बंदरापासून अमुक दिशेला, इतक्या किलोमीटरवर, इतक्या खोल पाण्यात, अशा थेट भाषेत आणि किनाऱ्यावरच्या भाषांमध्ये, मराठीतही. ढग दाटले की उपग्रहाला पाणी दिसत नाही, आणि बंदीच्या काळात सल्ला दिला जात नाही. बोटीचा मासे शोधण्यातला वेळ वाचतो आणि डिझेल वाचते. खर्चात इंधनाचा वाटा मोठा असल्याने हा लाभ लहान नाही.

मात्र मासा कुठे आहे हे सांगणारी यंत्रणा तो किती धरावा हे सांगत नाही. तोच संदेश हातगळवाल्याला मिळतो आणि अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीन जाळेवाल्यालाही. किती, केव्हा आणि कशाने धरायचे हे कायद्याने आणि जाळ्याने ठरते, आणि तिथे पश्चिम किनाऱ्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास फारसा सुखाचा नाही.

मालवणात जिला रापण म्हणतात आणि कर्नाटकात रंपणी, ती पद्धत किनाऱ्यावरून चालते. होडी जाळे घेऊन अर्धवर्तुळात फिरते, दोन्ही टोके किनाऱ्यावर येतात आणि डझनावारी माणसे ती ओढतात. मासा वाट्याने वाटला जातो. मासा किनाऱ्याजवळ आला तरच रापण चालते, हीच तिची मर्यादा आणि समुद्राच्या दृष्टीने हाच तिचा गुण. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मंगळुरूच्या बाजूला पर्ससीन आली. हे जाळे थव्याभोवती टाकून खालून बटव्यासारखे आवळतात. थवा किनाऱ्याकडे येण्याआधीच उचलला जातो. काही वर्षांतच कर्नाटकातली रंपणी मोडली. गोव्यात ट्रॉलर आणि पर्ससीनविरुद्ध रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. त्यानंतर राज्यांचे कायदे आले: गोवा आणि केरळ 1980, महाराष्ट्र 1981, कर्नाटक 1986. किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतचे पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडचे केंद्राच्या.

मासा ही हद्द मानत नाही आणि बोटीही मानत नाहीत. मालवण-देवगडच्या पाण्यात कर्नाटकातले हायस्पीड ट्रॉलर शिरतात, ही सिंधुदुर्गातली जुनी तक्रार आहे. महाराष्ट्राने 2016 साली पर्ससीनचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखला. केंद्राने नोव्हेंबर 2017 मध्ये प्रखर एलईडी दिवे लावून मासा गोळा करण्यावर आणि दोन बोटींनी एकच जाळे ओढण्यावर बंदी घातली. कागदावर नियम पुरेसे आहेत. रात्रीच्या समुद्रात गस्तीच्या बोटी पुरेशा नाहीत.

नियमांत सर्वांत नेमका आहे तो आकाराचा. ज्या माशाने एकदाही अंडी घातलेली नाहीत तो धरणे म्हणजे बी-बियाणे दळून खाणे. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शिफारशींवरून केरळने 2015 साली किमान आकार ठरवले: तारली 10 सेंटिमीटर, बांगडा 14. महाराष्ट्राने 2023 साली 54 जातींसाठी तसेच केले, त्यात पापलेट 135 मिलिमीटर आणि बोंबील 180. याला यांत्रिक उपायही आहे. ट्रॉलच्या शेवटच्या पिशवीसारख्या भागात नेहमीची आस, म्हणजे जाळ्याचे छिद्र, शंकरपाळ्याच्या आकाराची असते. जाळे ताणले की ती मिटते आणि पिल्लेही आत अडकतात. चौकोनी आस ताणाखाली उघडी राहते, लहान मासा निसटतो. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने चाललेल्या प्रकल्पात 40 मिलिमीटरची चौकोनी आस वापरून पाहिली गेली. लहान मासा विकून डिझेल भागवणाऱ्याला हा बदल लगेच रुचत नाही, हेही खरे. कारण पिल्लांना गिऱ्हाईक आहे: कर्नाटकाच्या किनाऱ्यावर मासळीचे कूट आणि तेल काढणारे कारखाने आहेत आणि त्यांना आकाराशी देणेघेणे नसते. ते कूट कोंबड्यांच्या आणि शेततळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात जाते. तीच कोळंबी पुढे बंदीच्या दिवसांत शहराच्या बाजारात दिसते.

आकडे एकाच दिशेने बोट दाखवत नाहीत, हे इथे नोंदवले पाहिजे. वर उल्लेखलेल्या कोचीच्या संस्थेने 2022 साली देशातल्या 135 साठ्यांची तपासणी केली, तेव्हा 91 टक्के साठे चांगल्या स्थितीत आढळले. दुसरीकडे केरळातली तारली 2012 साली 3.9 लाख टन मिळाली होती, ती 2021 साली 3,297 टनांवर आली. पुढे पुन्हा लाखावर गेली. तारली चाऱ्याच्या मागे धावणारा, कमी आयुष्याचा मासा. तापलेले पाणी आणि बिघडलेला पावसाळा त्याला जाळ्याइतकेच मारतात. अशा वेळी पिल्लेही उचलली गेली तर सावरायला वेळ लागतो.

बेंगळुरूचा समुद्राशी आणखी एक धागा आहे. 2008 साली सुरू झालेले दक्षिण फाउंडेशन ही तिथली संस्था लक्षद्वीपच्या मच्छीमारांसोबत काम करते. लक्षद्वीपचे जमिनीचे क्षेत्र अवघे 32 चौरस किलोमीटर, पण प्रवाळांनी वेढलेले उथळ लगून 4,200 चौरस किलोमीटरचे. तिथे कुपा, म्हणजे टूना, जाळ्याने नव्हे तर काठी आणि गळाने धरतात. आधी लगूनमध्ये बोटभर लांबीचे आमिषाचे मासे पकडून बोटीतल्या टाकीत जिवंत ठेवतात. थव्यावर पक्षी घिरट्या घालताना दिसले की ते मासे पाण्यात फेकतात आणि वरून पाण्याचे तुषार मारतात. लहान माशांची झुंबड उडाली आहे असे कुप्याला वाटते. गळाला उलटा काटा नसतो, म्हणून काठीचा झटका बसताच मासा सुटून फळीवर पडतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. कासव नाही, डॉल्फिन नाही, नको असलेला दुसरा मासाही जवळजवळ नाही. त्यातला बराचसा कुपा उकडून, धुरी देऊन, वाळवून ‘मास’ होतो.

दक्षिण फाउंडेशनच्या उपक्रमात मच्छीमार स्वतःच नोंदवह्या भरतात: किती मासा मिळाला, किती आमिष लागले, किती इंधन जळाले. यातला आमिषाचा रकाना सर्वांत नाजूक आहे. 1998, 2010 आणि 2016 साली पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले. तिथल्या तीन बेटांवर 24 वर्षे निरीक्षण करणाऱ्या म्हैसूरच्या निसर्ग संवर्धन प्रतिष्ठानच्या अभ्यासात जिवंत प्रवाळांचे आच्छादन जवळपास निम्म्यावर आलेले दिसते. कुपा खुल्या समुद्रातला मासा आहे, त्याला प्रवाळांची गरज नाही. त्याच्यासाठीचे आमिष मात्र लगूनमधलेच असते. आणि पहाटे ते मिळाले नाही, तर काठीवाल्यांची बोट त्या दिवशी कुप्याच्या मागे निघतच नाही.